तरतं ते घ्यायचं

धुवायला पाणी उरलं नाही म्हणून शेड बंद पडली. विहिरीच्या तळाशी हिरवट डबकं तेवढं राहिलं होतं, आणि गावाने शेठला निरोप धाडला की माणसांनाच प्यायला पुरत नाही, तुमचा कचरा धुवायला आता एक घागरही मिळणार नाही. शेठने वाद घातला नाही. कुलूप लावलं, पाणी आलं की बोलावतो असं बायकांना सांगितलं, आणि निघून गेला.

शेडमध्ये अकरा बायका होत्या. त्यांत वहिनी सगळ्यांत जुनी. लग्न होऊन आली त्या वर्षापासून ती तिथे प्लास्टिक निवडायला बसत होती, आणि वहिनी हे नावही तिला शेडनेच दिलेलं. शहराचा कचरा गावाबाहेरच्या जुन्या खाणीत पडायचा. त्यातून वेचलेलं प्लास्टिक गोण्या भरभरून शेडमध्ये यायचं. वहिनी मांडी घालून बसली की हात चालू. बाटली इकडे, टोपण तिकडे, पिशवी मागे. ती नीट बघायचीही नाही. चुरगळल्यावर आवाज कसा येतो, वाकवल्यावर पांढरी रेघ उमटते का, नख रुततं का, एवढ्यावर तिचं भागायचं. शेजारणीशी बोलता बोलता दिवसाला सहा गोण्या व्हायच्या. संध्याकाळी मात्र कंबर धरलेली असायची. उठताना आधी गुडघ्यांवर यायचं, मग भिंतीला हात लावून उभं राहायचं, असं दोन टप्प्यांत ती उठायची.

तिचा नवरा त्याच शेडमध्ये दाण्याच्या मशीनवर होता. प्लास्टिकचा चुरा वितळवायचा, त्याच्या दोऱ्या काढायच्या आणि त्या कापून बारीक दाणा करायचा, हे त्याचं काम. सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे. सतरा वर्षं त्याने तो धूर गिळला. दीड वर्षापूर्वी मशीनपासून दारापर्यंत चालताना तो मध्येच खाली बसला, आणि डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडापुढे धरून सांगितलं की आत आता फारसं काही शिल्लक नाही, यापुढे धुराजवळ जायचं नाही.

तेव्हापासून तो दारातल्या दगडावर बसून असायचा. मूळचा बोलका माणूस. येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायचा, पण कुणी थांबलं की दोन शब्दांत त्याला दम लागायचा. वाक्य पुरं होईपर्यंत उभं राहायचं म्हणजे लोकांचा वेळ जायचा. हळूहळू लोक पलीकडच्या बाजूने जायला लागले. ते त्यालाही कळत होतं.

त्यांना एकच मुलगी, अकरा वर्षांची. अंगाने बारीक आणि सतत काहीतरी ओढून नेणारी, म्हणून मुंगी. शाळेत तिला जवळ कुणी बसू द्यायचं नाही. आईच्या लुगड्याला शेडचा आंबूस वास येतो तसा हिलाही येतो, असं मुलं म्हणायची. घरी तिने हे कधी सांगितलं नाही. फक्त शाळेला निघताना आईने केसांवरून हात फिरवला की ती मान काढून घ्यायची.

अशात एका दुपारी शाळेतल्या बाई घरी आल्या. वयाने लहानच होत्या, उन्हाने तोंड लाल झालेलं. त्यांनी सांगितलं की वरून शाळेला एक यंत्र आलंय आणि दोन महिने खोक्यात पडून आहे. मुलांनी कचरा गोळा करायचा, निवडायचा, वितळवून त्याची फरशी पाडायची. प्लास्टिकचं काय होतं ते मुलांनी स्वतःच्या हातांनी शिकायचं, अशी कल्पना. महिन्याभराने साहेब बघायला येणार होते. बाईंनी पुस्तिका तीनदा वाचली होती, पण यंत्राला हात लावायचा त्यांना धीर होत नव्हता. वहिनीने निवडायला शिकवावं आणि मिस्त्रींनी यंत्र चालू करून दाखवावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

मिस्त्रीने विचारलं, ते किती तापतं. बाईंना सांगता येईना. साचा कसा उघडतो, दाब हाताचा की स्क्रूचा, तेही सांगता येईना. मिस्त्री उठून चपला शोधायला लागला.

वहिनी त्याच्या मागे आत गेली.

"अहो, डॉक्टर काय म्हणाले होते?"

"ते शेडचं. हे शाळेतलं खेळणं असेल."

"खेळणं असलं तरी वितळवायचंच आहे ना त्यात?"

तो चप्पल हातात धरून उभा राहिला. मग म्हणाला, "वहिनी, दीड वर्षात मला कुणी काही विचारायला आलं नव्हतं."

घरात तो तिला कधी वहिनी म्हणायचा नाही. म्हटलं की तो विनवतोय हे तिला कळायचं. तिने होकार दिला नाही, पण त्याला अडवायला शब्दही सापडला नाही. शेवटी तीच पुढे झाली आणि त्याच्यासाठी दर वीस पावलांवर थांबत शाळेपर्यंत चालत गेली.

पहिल्या दिवशी ओसरीत बत्तीस मुलं होती. वहिनीला उभं राहून बोलता येईना. बाईंनी खुर्ची दिली, तीवरही अवघडली. मग ती सरळ जमिनीवर ढिगापुढे मांडी घालून बसली, आणि हातात टोपण येताच तोंड उघडलं. तिने पाण्याची बादली पुढे घेतली आणि मुलांना सांगितलं की आपल्या यंत्रापुरता नियम सोपा आहे: पाण्यावर तरतं ते घ्यायचं, बुडतं ते बाहेर ठेवायचं. एका मुलाने का म्हणून विचारलं. त्याचं उत्तर मिस्त्रीने दिलं. बुडणाऱ्यातलं काही तापवलं की आंबट धूर निघतो, तो छातीत जाऊन बसतो, आणि मग छातीत मांजर राहायला येतं. मुलं हसली. मिस्त्रीने पाठ फिरवली आणि ऐका म्हणाला. एकेक मूल येऊन त्याच्या पाठीला कान लावून गेलं. मांजर खरंच गुरगुरत होतं.

मग त्याने मुंगीला बोलावलं. ती यायला तयार नव्हती. वहिनीने पदराच्या टोकाने तिचे डोळे झाकले आणि बाईंनी एकेक वस्तू तिच्या हातात दिली. पिशवी, टोपण, शाम्पूची बाटली, खेळण्यातलं चाक. मुंगीने वाकवून, वाजवून, नख लावून वीसच्या वीस वस्तू बरोबर लावल्या. कुणी शिकवलं नव्हतं. आईच्या मांडीशी खेळताना हाताला आपोआप कळत गेलं होतं. दुकानवाल्याची मुलगी, जी वर्गात पहिल्या बाकावर एकटी ऐसपैस बसायची, ती म्हणाली, "मला शिकवशील?" आणि दुसऱ्या दिवसापासून तिने मुंगीला शेजारी जागा दिली.

यंत्र चांगलं होतं. लहान, पण विचार करून बनवलेलं. मिस्त्रीने त्याच्यावरून हात फिरवला आणि दोन दिवसांत त्याची खोड ओळखली. ते कोपऱ्यातल्या जुन्या खोलीत ठेवलं होतं. एकच खिडकी, तीही गंजून अडकलेली. वहिनीने हेडमास्तरांना सांगून बघितलं की हे बाहेर मोकळ्यावर घ्या. हेडमास्तर म्हणाले, वायर तिथवर पोचत नाही, आणि बाहेर ठेवलेलं सकाळी जागेवर सापडायचं नाही. मिस्त्री तोंडाला ओलं फडकं बांधून स्टुलावर बसू लागला.

पहिली फरशी वाकडी निघाली. हिरवी, लाल, पिवळी ठिपक्यांची. मुलांनी ती गरम असतानाच हातोहात फिरवली. दुसरी सरळ आली. दहा झाल्या तेव्हा त्यांनी त्या नळापाशी, जिथे पूर्वी चिखल असायचा आणि आता नुसती धूळ होती, तिथे बसवल्या. मुलं शाळा सुटली की गोण्या घेऊन काटेरी कुंपणांवर लटकलेल्या पिशव्या काढत फिरायची, शेतातल्या ढेकळांतून टोपणं उकरायची. वारा रोज खाणीतून नव्या आणून टाकायचा. एक मुलगा वर्गाच्या खिडकीतून बघत बाईंना म्हणाला, आपली एक गोणी भरेपर्यंत खाणीत दोन ट्रक रिकामे होतात. बाईंनी त्याला पुढची ओळ लिहायला सांगितली.

मिस्त्री जेवायला लागला होता. मुलांच्या नकला करून दाखवायचा. खोकला वाढलाय हे वहिनीला ऐकू येत होतं. तो म्हणायचा, वाऱ्याची धूळ आहे. फडक्याच्या आतल्या बाजूला काय लागलंय ते तिने धुताना बघितलं, आणि तरी सकाळी नवं फडकं ओलं करून दिलं. ते फडकं तिनेच दिलं होतं, हे पुढे तिच्या मनातून जाईना.

साहेब ठरल्यापेक्षा आठवडाभर आधी येणार, असा निरोप आला. हेडमास्तरांना शाळेचं नाव घातलेली मोठी फरशी हवी होती, पांढऱ्यावर निळी अक्षरं. निळी टोपणं कमी पडत होती. त्याच दिवसांत टँकरही यायचा बंद झाला, आणि हेडमास्तरांनी सांगितलं की निवडण्यासाठी आता बादली मिळणार नाही, पोरांना प्यायला पाणी नाही. बादलीशिवाय कसं करायचं, असं बाईंनी विचारलं. हेडमास्तर म्हणाले, ती मुलगी हाताने ओळखते ना.

त्या सकाळी वहिनी शाळेत नव्हती. पलीकडच्या वस्तीवर टँकर येणार अशी बातमी होती, म्हणून ती उजाडताच रांगेत जाऊन बसली होती. दुपार कलली तेव्हा अर्धी घागर मिळाली. ती घेऊन शाळेवरून येताना तिला आवारात मुलं उभी दिसली. मधे नळापाशी मिस्त्री बसला होता. डोळे लालभडक, तोंड उघडं, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, आणि खांदे प्रत्येक श्वासाला कानांपर्यंत चढत होते. हवेत आंबट, जिभेला झोंबणारा वास होता. तिने तो ओळखला.

काय झालं ते बाईंनी रडत रडत सांगितलं. निळा चुरा साच्यात चढवला आणि थोड्या वेळाने पांढरा धूर निघाला. मिस्त्रींनी आधी मुलांना बाहेर ढकललं, मग मला. बटण यंत्राच्या मागे होतं. ते बंद करून बाहेर यायचं, तर ते साचा उघडत बसले. आत तसंच राहिलं तर धूर थांबणार नाही म्हणाले. खिडकी उघडत नव्हती. मिस्त्रीने वहिनीकडे बघून हात हलवला, काही नाही अशा अर्थाने. मग बाईंना म्हणाला, "माझं लक्ष नव्हतं. निळ्यात निळं... गेलं."

वहिनीने घागर त्याच्या डोक्यावर ओतली. दुसरं काय करावं ते तिला सुचलं नाही.

शहरातल्या दवाखान्यात चार दिवस ठेवलं, नाकाला नळी लावली, आणि मग घरी न्या म्हणाले. घरी तो आडवा होऊ शकत नव्हता. आडवा झाला की गुदमरायचा. म्हणून वहिनी त्याच्या पाठीला पाठ लावून बसायची, तासन्‌तास, दोघांची तोंडं दोन भिंतींकडे. त्याचा प्रत्येक श्वास तिला स्वतःच्या मणक्यांत कळायचा. तिची कंबर जळायची, पण हलली की तो कलंडायचा.

असंच बसलेली असताना एकदा त्याला डोळा लागला, आणि मुंगी समोर येऊन उकिडवी बसली. हळू आवाजात तिने सांगितलं की त्या निळ्या चुऱ्यात पाण्याच्या नळीचे तुकडे होते, आणि ते तिनेच निवडले होते. दुकानवाल्याच्या मुलीने आणले होते. तिच्या घरची जुनी नळी बदलली, ती तिने दगडाने फोडली आणि पिशवी भरून आणली. खास तुझ्यासाठी फोडून आणलंय, असं म्हणाली. मुंगीने नख लावून बघितलं, दगडावर वाजवून बघितलं.

"मग बुडणारं आहे ते कळलं नाही तुला?"

"कळलं होतं."

"मग का टाकलंस?"

मुंगी जमिनीकडे बघत म्हणाली, "नको म्हटलं असतं तर ती परत बोलली नसती माझ्याशी."

वहिनीचा हात उठला आणि तसाच राहिला. पाठीवर ओझं होतं, तिला पुढे वाकता येत नव्हतं. हात खाली घेऊन ती एवढंच म्हणाली, "बाबांना सांगू नकोस."

पण त्याला ठाऊक होतं. दोन दिवसांनी वहिनी चुलीपाशी होती आणि मुंगी बापाला गोधडीच्या गुंडाळीचा टेकू देत होती, तेव्हा त्याने मुलीला विचारलेलं तिने ऐकलं.

"नख लावलं होतंस ना?"

मुंगीने मान हलवली.

"मग सांगायचं असतं," तो म्हणाला. मध्ये खूप वेळ गेला. "कुणी का आणलेलं असेना. सांगायचं." पुढे त्याला काहीतरी हलकं बोलायचं होतं, तोंडावर तसं हसू आलंही, पण श्वास पुरला नाही. मुंगी तशीच गुंडाळी धरून राहिली.

हेडमास्तर कागद घेऊन आले ते त्याच आठवड्यात. दारातूनच बोलले. मिस्त्री स्वतःहून शाळेत आले होते, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, यंत्राला त्यांनी परवानगीशिवाय हात लावला, असं त्यात लिहिलं होतं. साहेब येण्याआधी हे झालं म्हणजे बरं, नाहीतर शाळेवर येईल, आणि शाळा म्हणजे शेवटी आपलीच मुलं, असं ते म्हणाले. बाई बाहेर दगडापाशी उभ्या होत्या, आत आल्या नाहीत. वहिनीने त्यांना भांड्यात पाणी नेऊन दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांत धरलं आणि पाण्यातच बघत राहिल्या. वहिनी त्यांच्या तोंडाकडे बघत थांबली. बाईंनी एकदा वर बघितलं असतं तरी तिने कागद फाडला असता. बाईंनी वर बघितलं नाही.

मिस्त्रीने कागद शेवटपर्यंत वाचला आणि सही केली. "खरंच आहे," तो म्हणाला. "चपला मीच घातल्या."

साहेब आले. फरशा बघितल्या, मुलांबरोबर फोटो काढला. शाळेचं नाव एका कोऱ्या पांढऱ्या फरशीवर रंगाने लिहून घेतलं होतं. साहेबांनी तीवर हात फिरवला तेव्हा बोटाला थोडा निळा रंग लागला, असं मुलं सांगत होती. दुसऱ्या दिवशी यंत्र खोक्यात गेलं. मुलांनी निवडून ठेवलेल्या चौदा गोण्या आवारात अडचण करत होत्या. शेड बंद, न्यायला कुणी नाही. हेडमास्तरांनी ट्रॅक्टर सांगितला. वहिनी सरपणाला गेली असताना तिला त्या खाणीच्या कडेला दिसल्या. दोन फुटल्या होत्या आणि वारा त्यांतून पिशव्या उचलून पुन्हा गावाकडे नेत होता. एका गोणीवर खडूने तरतं असं लिहिलं होतं. अक्षर मुंगीचं होतं. वहिनीने ती गोणी ओढून सरळ केली, तोंड बांधलं, आणि मग हे आपण का करतोय ते न कळून तिथेच सोडून दिली.

मिस्त्री घरी आल्यावर एकोणीस दिवस जगला. गेला तो सकाळी. वहिनी पाठीला पाठ लावून बसलेली होती आणि तिला मणक्यांत काही कळेनासं झालं. ती लगेच हलली नाही. मुंगी शाळेला निघायची वेळ होती. तिने वेणी घालून घेतली होती आणि दप्तर दारात ठेवलं होतं.

पुढे पाणी आलं, विहीर भरली, शेड उघडली. वहिनीला शेठने बोलावलं, पण तिची कंबर आता बसू देत नव्हती. चार गोण्याही होईनात. शेठ वाईट बोलला नाही. सुट्टी आहे तोवर मुलीला घेऊन ये म्हणाला, हाताला हात होईल. मुंगी येऊन बसली आणि पहिल्याच आठवड्यात शेडमधल्या बायका हात थांबवून तिच्याकडे बघायला लागल्या. सुट्टी संपली. वहिनीने तिला शाळेत पाठवलं. दुपारी ती शेडच्या मागे भिंतीला टेकून बसलेली सापडली. पुन्हा पाठवलं, पुन्हा तेच.

"शाळेत का जात नाहीस?" वहिनीने विचारलं.

"तिथे ती खोली आहे."

"खोली बंद आहे आता."

"बाहेरून दिसते."

वहिनीने एकदा मारलंही. नंतर पाठवलं नाही. कंबर सरळ असती तर पाठवत राहिले असते, असं ती स्वतःला सांगायची, आणि ते खरं होतं की नाही ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या वर्षी बाई वर्गाला घेऊन शेड बघायला आल्या. आता वरून असं आलं होतं की मुलांना प्रत्यक्ष जागेवर न्यावं, यंत्रबिंत्र नको. मुलं नाकाला रुमाल लावून रांगेत उभी राहिली. शेठने त्यांना दाण्याची मशीन दाखवली. मग बाईंनी निवडणाऱ्या बायकांकडे बोट केलं, आणि मुंगी दिसल्यावर जरा थांबून म्हणाल्या की ही आपल्याच शाळेची, हिच्याइतकं निवडणं कुणाला जमत नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मुंगीने वर बघितलं नाही. बाई तिच्याजवळ वाकल्या आणि हळूच विचारलं की तू परत कधी येशील.

"बाई, तुमचा पाय ढिगावर आहे," मुंगी म्हणाली.

बाईंनी पाय काढला.

दुकानवाल्याची मुलगी रांगेत शेवटी होती. वर्षात ती चांगली उंच झाली होती. तिच्या हातात थंड पेयाची बाटली होती, ती संपली. टाकायला जागा शोधत तिने इकडेतिकडे बघितलं. सगळीकडे बाटल्यांचेच ढीग होते, पण त्यातल्या कशात टाकायची ते तिला कळेना. बाकीची मुलं दाराकडे निघाली तरी ती बाटली धरून तिथेच घुटमळत राहिली.

मुंगीने न बघता हात पुढे केला. त्या मुलीने बाटली तिच्या हातात दिली आणि रांगेमागे पळाली. मुंगीने टोपण काढून उजवीकडे टाकलं, बाटली चेपून डावीकडे. वहिनीने भिंतीला हात लावून पुढची गोणी तिच्याकडे सरकवली.